तिसऱ्या वर्षाची हळद आणि सोनेरी बांध

“तुझं अक्षर चांगलं हाय. तीन दिस ये,” एवढेच बोलून सुमनआत्याने फोन ठेवला. निमंत्रणाचा इतका आटोपशीर मसुदा माझ्या वाचनात यापूर्वी आलेला नाही.

सुमनआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या पलीकडे, तिची दीड एकर हळद आहे. तिचे यजमान फौजेत, दूर उत्तरेला. वर्षातून दोनदा येतात. शेत ती एकटी पाहते, आणि आजारी सासूलाही. तीन वर्षांपूर्वी गावातल्या आणखी चार शेतकऱ्यांसह ती शासनाच्या सेंद्रिय शेतीच्या योजनेत सहभागी झाली. योजना समजायला सोपी आहे. किमान पाच जणांचा गट करायचा, तीन वर्षे रासायनिक खत आणि औषध वापरायचे नाही. त्या बदल्यात शासन अनुदान देते आणि तिसऱ्या वर्षाअखेरीस सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळते. तपासणीची पद्धत मात्र मला कागदावर वाचतानाच आवडली होती. बाहेरून कोणी तपासनीस येत नाही. गटातलेच शेतकरी एकमेकांच्या रानात फिरतात आणि एकमेकांसाठी सही करतात. कृषी खात्याचा माणूस त्यावर शेवटी आपली सही करतो, इतकेच.

आत्याची तिसऱ्या वर्षाची तपासणी डिसेंबरात होती आणि तिची नोंदवही अर्धी कोरी होती. म्हणून मी.

एकटीने केलेला हा माझा पहिला प्रवास. कंडक्टरशी सुट्या पैशांवरून बोलावे लागू नये म्हणून मी आदल्या दिवशीच सुटे जमवून ठेवले होते. तुमच्यापैकी कोणाला या बाजूला जायचे असेल तर सांगते: वाईहून साताऱ्याला सकाळी भरपूर एसटी आहेत आणि महिलांना अर्धे तिकीट आहे. साताऱ्याच्या स्थानकाबाहेर चहा आणि वडापाव घ्यावा, कारण पुढे कराडपर्यंत महामार्गाचे काम कुठे गाडी थांबवील याचा नेम नसतो. पेढे घ्यायचे असतील तर तेही साताऱ्यातच. कराडला गाडी बदलून विट्याकडे जाणारी एसटी धरायची आणि कडेगावनंतर फाट्यावर उतरून वडाप पकडायचे. वडाप म्हणजे माणसे भरल्याशिवाय न हलणारी जीप. आत्याच्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

विट्याच्या गाडीत मी योजनेची नियमावली वाचत बसले होते. अनोळखी माणसांत पुस्तक उघडे ठेवले की कोणी बोलत नाही, हा माझा जुना अनुभव. तो या रस्त्यावर लागू पडला नाही. शेजारच्या बाकावर पांढऱ्या मिशांचे, फौजी टोपी घातलेले एक आजोबा होते आणि त्यांच्यासोबत बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेला त्यांचा सोबती.

“काय वाचताय, ताई?”

“सेंद्रिय शेतीच्या योजनेची नियमावली.”

“ऐकलं का रं?” आजोबा सोबत्याला म्हणाले. “सेंद्रिय.”

“म्हंजी औषध न्हाई मारायचं ती?”

“व्हय. न्हाई मारलं की सरकार पैसं देतंय.”

“आन मारायच्या पंपाला बी देतंय की. आमच्या थोरल्यानं आणलाय न्हवं, अनुदानात.”

“मग दोन्ही घे गड्या. पंप घे आन मारू नगंस.”

आसपासचे चार-पाच जण हसले. मीही नियमावलीत मान घालून हसले. बाहेर उसाने लदलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तिच्यामागे आमची गाडी इतकी हळू चालली होती की कडेगाव येईपर्यंत माझी नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचून झाली. एका कलमाखाली मी पेन्सिलीने रेघही मारली. गटाच्या सभासदाने स्वतः रासायनिक औषध वापरले तर त्याचे सारे क्षेत्र पुन्हा पहिल्या वर्षावर येते. शेजाऱ्याकडून अनवधानाने ते पडले असेल आणि शेजारी तसे सहीनिशी लिहून देत असेल, तर केवळ तेवढा पट्टा वगळतात. नियम करणाऱ्याने माणसाचा विचार केला आहे, असे मला तेव्हा वाटले.

फाट्यावर आत्या उभी होती. तिच्या अंगणात शिरताना प्रथम दिसतो तो योजनेचा फलक, दारापेक्षा उंच. त्याच्या सावलीत जीवामृताचे निळे पिंप आणि गांडूळखताचा हिरवा बेड. “फलक पयल्यांदा आला,” आत्या म्हणाली. “पिंप आठ म्हैन्यांनी. तवर शेण-गोमूत्र भिजवायला मी फलकाखाली घागर ठेवलेली.” जेवायला ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि कच्चा कांदा. या दिवसांत या भागात गेलात तर ही भाजी कोणाच्या तरी घरी जेवा. हॉटेलात ती मिळत नाही.

दुपारभर ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. जीवामृत किती वेळा सोडले, शेणखत कुठून आणले, पानांवरच्या करपा रोगावर काय केले. तारखा तिला सणांवरून आठवत. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भर लावली, घटस्थापनेला दुसरे पाणी. कार्तिक महिन्यापाशी आल्यावर ती थोडी थांबली.

“लिव. भांगलण. पैऱ्यानं. एक दिवस.”

भांगलण म्हणजे खुरप्याने तण काढणे, आणि पैरा म्हणजे काय तेही मला ठाऊक होते. आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या रानात राब. पैसा नाही, कागद नाही.

“पैरा कोणाचा लिहू?”

“तानाजीअण्णा. शेजारचे.” आणि दूध उतू जाते का ते पाहायला म्हणून ती आत गेली. चुलीवर दूध नव्हते, हे मला नंतर आठवले.

ऊन उतरल्यावर मी एकटीच रानात गेले. हळदीची पाने डिसेंबरात कडेने पिवळी पडू लागतात, तशी पडली होती. मात्र पूर्वेचा बांध पाहून मी उभीच राहिले. त्यावरचे गवत एका सरळ पट्ट्यात, कोणी आखून द्यावे तसे, लख्ख सोनेरी झाले होते, आणि तिरपा प्रकाश त्याच्यावर पडला होता. शिशिरातल्या तृणांची जी वर्णने मी वाचली होती ती सारी मला एकदम खरी वाटली. मी फोटो काढला. नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठवण्यासाठी आत्याने माझा नंबर गटाच्या व्हॉट्सअॅपवर घातला होता, तिथे तो पाठवला आणि खाली लिहिले, ‘सोनेरी बांध, हिरवी हळद.’ गटातल्या कोणी काही म्हटले नाही. कृषी सहायकांनी तेवढा शाबासकीचा अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी तपासणी. सर्वांच्या आधी गटप्रमुख हमीदचाचा आले. साठी ओलांडलेले, गावात त्यांच्याइतकी जुनी हळद कोणाची नाही. सांगलीच्या बाजारातला एक व्यापारी त्यांच्या प्रमाणपत्राकडे डोळे लावून बसला होता.

“बेटा, त्यो फोटो काढून टाक,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“चुकीचा आहे का?”

“चुकीचा न्हाई. लय नेट खातोय.”

मी तो ताबडतोब काढून टाकला. इतक्या थोर माणसाने इतके किरकोळ खोटे बोलावे, याचा अर्थ मला लागला नाही. थोड्याच वेळात गटातले इतर तिघे आले आणि सगळे रान पाहायला निघाले. सर्वांनी पश्चिमेचा बांध धरला. जाताना पश्चिमेचा, येताना पश्चिमेचा. पूर्वेकडे कोणी मानही वळवली नाही. मला वाटले, वाट तिकडून बरी असेल.

कृषी सहायक मोटारसायकलवरून आले तेव्हा दहा वाजून गेले होते. वयाने माझ्याहून फार मोठे नसावेत. त्यांच्याकडे पुष्कळ गावे आहेत आणि त्यांच्या बुटांवर त्या साऱ्या गावांची माती होती. एरवी ते ओसरीवर बसून सही करून जात. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “काल मॅडमनी सुंदर फोटो टाकला होता. तिथेच गटाचा एक फोटो घेऊ. वरती पाठवायला छान दिसेल.”

आत्या म्हणाली, “हितं फलकापाशी घ्या की, सायेब.”

“फलकाचे फार झाले, ताई.”

आम्ही सगळे पूर्वेच्या बांधाकडे गेलो. सहायकांनी आम्हाला ओळीत उभे केले, मोबाइल वर धरला, मग खाली घेतला. ते वाकले आणि त्यांनी गवताचा एक ठोंब ओढला. तो मुळासकट हातात आला. मुळे काळी, कुजलेली. वाळलेल्या गवताच्या बुडाशी हिरवे राहते. तिथे काहीच हिरवे नव्हते. बांधालगतच्या पाच सऱ्यांतली हळदही तशीच होती. तिचे पिवळेपण डिसेंबरचे नव्हते.

“हे कशाने?”

“थंडीनं,” हमीदचाचा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या उसातून तानाजीअण्णा आले. उंच, वाकलेले, खांद्यावर टॉवेल. फोटो काढतात असे पाहून त्यांनी टॉवेल डोक्याला बांधला. “ह्यो बांध बगताय व्हय, सायेब? माझं काम हाय. वैनी सासूला घेऊन मिरजंच्या दवाखान्यात हुत्या, आठ दिस. हितं तण कमरंला लागलंवतं. त्यांचा एक दिवस माझ्यावर हुता, पैऱ्याचा. म्हनलं फेडून टाकू. खुरप्यानं चार दिस गेलं असतं. ह्या पंपानं तासात झालं.” बांधाच्या पलीकडे पंप ठेवला होता. बॅटरीवर चालणारा, नवा. त्याच्या टाकीवर अनुदानाचा शिक्का होता.

सहायकांनी मोबाइल खिशात घातला. “मला हे ऐकायचं नव्हतं,” ते म्हणाले.

अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांनी टॉवेल सोडला. “वैनी, तवा का बोलला न्हाईसा?”

“काय बोलू अण्णा?” आत्या म्हणाली. “दिवस फेडला म्हनून तुमी माझ्याकडं चा पीत हुतासा.”

गटातल्या प्रत्येकाला ते महिनाभर ठाऊक होते, हे मला तिथे उभ्याउभ्या कळले. महिनाभर त्यांनी तो बांध पाहिलाच नव्हता, कारण पाहिला असता तर बोलावे लागले असते. पाहिला तो मी एकटीने.

सहायक म्हणाले, “नोंद गटाने करायची आहे. तुम्ही जे लिहाल त्यावर मी सही करीन. पण आता कोरं सोडता येणार नाही.” आणि ते जाऊन मोटारसायकलपाशी उभे राहिले.

आत्याचे क्षेत्र बाद झाले तर गटात चार उरत होते आणि चारांचा गट होत नाही. म्हणजे पाचही जणांचे प्रमाणपत्र, पाचही जणांची तीन वर्षे. मला तेव्हा ते कलम आठवले. आयुष्यात प्रथमच मी न विचारता बोलले. शेजाऱ्याने सहीनिशी लिहून दिले तर फक्त हा पट्टा जाईल, बाकी सारे वाचेल, असे मी सांगितले आणि पिशवीतल्या नियमावलीच्या शेवटी जोडलेला त्याचा छापील नमुना काढला. हमीदचाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“आणा हिकडं,” अण्णा म्हणाले. “माझ्यामुळं झालंय. करतो सई.” पेन हातात घेतल्यावर त्यांनी विचारले, “वर काय लिवलंय, पोरी? चष्मा न्हाई माझ्यापाशी.”

शाळेत प्रकट वाचनात माझा पहिला क्रमांक असे. मी स्पष्ट, शुद्ध वाचले, “दूषित करणाऱ्याचे नाव, पत्ता व सही.”

अण्णांचे पेन कागदापासून बोटभर वर थांबले.

“काय करणाऱ्याचं?”

मी तो शब्द बोटाने झाकला.

“द्या ती हिकडं,” आत्या म्हणाली आणि तिने त्यांच्या हातून पेन काढून घेतले. “जावा तुमी अण्णा. पाणी वाया चाललंय तुमचं.” ते हलेनात, तशी ती जरा मोठ्याने म्हणाली, “जावा म्हनते न्हवं.”

ते उसात दिसेनासे झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “लिव. तणनाशक. पूर्वेचा बांध आन पाच सऱ्या. कुणी मारलं, तर मी मारलं.”

“आत्या, ते खरं नाही. आणि तसं लिहिलं तर तुझं सारं क्षेत्र जातं.”

“माहीत हाय. यजमान फौजंत गेल्यापास्नं ह्या रानाला राती-अपराती पानी पाजलंय त्या मानसानं. त्याचं नाव त्या रकान्यात लिवून मी कुठलं पर्मानपत्र भितीला लावू?”

“सुमन,” हमीदचाचा म्हणाले, “आमचं काय गं?”

तिने पेन माझ्या हातात दिले. मग म्हणाली, “तुमचं नुकसान माझ्यावर, चाचा. मला तेचं उत्तर सापडंना. सापडलं तर सांगते.”

चाचा बांधावर बसले. त्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले, उठले आणि सर्वांआधी सही त्यांनी केली. मागोमाग इतर तिघांनी. एक जण सही करून तडक निघून गेला. त्याने आत्याकडे पाहिले नाही आणि चहालाही थांबला नाही. मी भरलेल्या त्या साऱ्या वहीत जाणूनबुजून लिहिलेली खोटी ओळ एवढी एकच आहे, आणि ती माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात आहे.

तिसऱ्या दिवशी मी आणि चाचा फाईल द्यायला सांगलीला गेलो. एसटी थेट आहे, उभ्याने जायची तयारी असू द्या. सांगलीत माझी दोन स्थळे ठरली होती, कृष्णेवरचा जुना आयर्विन पूल आणि हळदीचा बाजार. कार्यालयात फाईलवर एक शिक्का मारला गेला, एक आकडा लिहिला गेला, आणि तिथल्या बाईंनी सहानुभूतीने सांगितले की नवा गट झाला तर पुन्हा अर्ज करता येईल. चाचांनी विचारले, “मागची तीन वर्सं?” बाईंनी नकारार्थी मान हलवली.

हळदीच्या बाजारात मी आत गेले नाही. बाहेरूनच वास येतो, कोरडा आणि तिखट, घसा धरतो. चाचा एकटे व्यापाऱ्याला भेटून आले. त्यांच्या हातात भडंगाची दोन पाकिटे होती. “एक तुला, एक घरच्यांना,” ते म्हणाले. मग ते मला पुलावर घेऊन गेले. माझ्या वाईच्या घाटाखालून वाहते तीच ही नदी, पण इथे रुंद आणि गढूळ. चाचांनी कठड्याला टेकून विचारले, “तुमच्याकडं पाणी नितळ आसंल, न्हवं?”

“वरच्या अंगाला आहे म्हणून,” मी म्हणाले.

“व्हय. वरच्यांचं तसंच आसतंय,” ते म्हणाले. ते माझ्याविषयी बोलले असे मला वाटले नाही. पण ते शब्द मी सोबत घेऊन आले.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. खर्चाचे विचाराल तर हा प्रवास फारच स्वस्तात होतो. अर्धे तिकीट, वडाप आणि आत्याची भाकरी. मी फोटो गटावरून काढला, परंतु माझ्या मोबाइलमध्ये तो आहे. मी तो एका मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, किती सुंदर. मी दाखवणे बंद केले. मी तो इथेही लावलेला नाही. गवत पिवळे का झाले हे ज्याला विचारता येत नाही, त्याने रानाचे वर्णन करू नये, एवढे मी या प्रवासातून शिकले, आणि ते शिकण्याची किंमत पाच घरांनी दिली.

परवा आत्याचा फोन आला. नवी नोंदवही आणली आहे, म्हणाली. वर काय लिहायचे?

“वर्ष पहिले,” मी सांगितले. “गटात कोण आहे?”

“मी हाय. चाचा बगतो म्हनल्यात. बाकीचं बोलत न्हाईत अजून.” मग म्हणाली, “तानाजीअण्णा आन त्यांची मालकीण येऊन गेली सोमवारी. दोघं दिसभर खुरपत हुती. पूर्वेच्या बांधाला. उगवलंच न्हाई तितं काय, तरी खुरपत हुती.”

“तू काय म्हणालीस?”

“चा दिला. आता त्यांचा एक दिवस माझ्यावर झाला. त्यांच्या उसात जायचंय मला, पाला काढायला. पन तेनी औषध मारलंय काल. वास जाऊ दे म्हनलं, मग जाते.”